चेनी, हॅलिबर्टन आणि इराक: लढाई लढायची कुणी आणि ठेके घ्यायचे कुणी?

गोदाकाठ:
नोव्हेंबर २०२५ मध्ये डिक चेनी गेल्याची बातमी आली तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, आज बसून लिहितोय. २००३ साली इराक युद्ध सुरू झालं तेव्हा मी नाशिकला कॉलेजात होतो. आम्ही पोरं टीव्हीला चिकटून असायचो, क्षेपणास्त्रं कशी सुटतात ते बघत. पैसा कुठून कुठे चाललाय हे तेव्हा कळत नव्हतं. नंतर वाचत गेलो आणि अक्षरशः झोप उडाली.

क्रम नीट बघा. चेनी १९८९ ते ९३ अमेरिकेचे संरक्षणमंत्री. त्यांच्याच काळात पेंटागॉनने ब्राऊन अँड रूट या कंपनीला ३९ लाख डॉलर देऊन एक अहवाल करून घेतला, लष्कराची रसद, स्वयंपाक, तंबू, धुणी-भांडी ही कामं खासगी कंपनीला देता येतील का असा. १९९२ मध्ये ते काम मिळालं त्याच ब्राऊन अँड रूटला. ही कंपनी हॅलिबर्टनच्या मालकीची. सत्ता गेल्यावर १९९५ मध्ये चेनी त्याच हॅलिबर्टनचे प्रमुख झाले, २००० मध्ये ३ कोटी डॉलरच्या वर घेऊन बाहेर पडले आणि २००१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. मार्च २००३ मध्ये इराकच्या तेलविहिरी दुरुस्त करायचं ७०० कोटी डॉलरपर्यंतचं काम कुठलंही टेंडर न काढता हॅलिबर्टनच्या केबीआरला, म्हणजे त्याच ब्राऊन अँड रूटच्या नव्या रूपाला, दिलं गेलं.

आणि हा माणूस स्वतः व्हिएतनामच्या वेळी पाच वेळा सवलत घेऊन लष्करभरतीतून सुटलेला. पुढे विचारलं तर म्हणाले की साठच्या दशकात मला दुसरी महत्त्वाची कामं होती. दुसऱ्यांच्या पोरांना धाडताना मात्र हात थरथरला नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. युद्धाची घाई असते, तेव्हा टेंडरबिंडर बाजूला ठेवायची मुभा सरकारला असावी का? असावी तर किती? मतं सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

टाकभात:
कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

चाफेकळी:
धागा वाचनखूण म्हणून साठवला. चहा घेऊन बसतेय, लिहा सगळे.

ह्यूस्टनवासी:
गोदाकाठ, कळकळ पोचली पण थोडं थांबा. मी १९९८ पासून ह्यूस्टनला आहे, केबीआरचं मुख्यालय याच गावात, आमच्या गणेशोत्सवात त्या कंपनीतले दोन-तीन जण वर्गणी द्यायचे, साधे इंजिनियर लोक.

तुम्ही दोन वेगळी कंत्राटं एकत्र कालवलीत. सैन्याच्या रसदीचं जे मोठं काम होतं, लॉगकॅप म्हणतात ते, ते केबीआरने डिसेंबर २००१ मध्ये रीतसर स्पर्धेत मिळवलं होतं. त्याआधी १९९७ ला हेच काम त्यांच्या हातून जाऊन दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं, म्हणजे कायमची मक्तेदारी नव्हती. टेंडरशिवाय दिलं ते तेलविहिरींचं. १९९१ मध्ये सद्दामने कुवेतच्या शेकडो विहिरी पेटवल्या होत्या, तसंच परत झालं तर उद्या सकाळी माणसं उभी करू शकेल अशा कंपन्या जगात होत्या किती? आणि ७०० कोटी ही वरची मर्यादा होती, खर्च अडीचशे कोटींच्या आसपास झाला. चेनींनी त्यांच्या शेअर पर्यायांचा फायदा धर्मादाय संस्थांना लिहून दिला होता हेही सांगायला हवं.

गोदाकाठ:
ह्यूस्टनवासी, दुरुस्ती मान्य, दोन कंत्राटं वेगळी लिहायला हवी होती. पण मला तुमचंच उत्तर अपुरं वाटतं. विहिरी पेटतील म्हणून घाई, ठीक. विहिरी तर फारशा पेटल्याच नाहीत. मग ते काम तिथेच का नाही थांबलं? त्याच कंत्राटातून पुढे कुवेतहून इराकमध्ये पेट्रोल आणायचं काम काढलं गेलं, म्हणजे आग विझवायला बोलावलेला माणूस घरात स्वयंपाकाला लागला. आणि सप्टेंबर २००३ मध्ये चेनी टीव्हीवर म्हणाले की माझा कंपनीशी कसलाच आर्थिक संबंध उरला नाही, तेव्हा त्यांना कंपनीकडून मागे ठेवलेला पगार दर वर्षी दीड-दोन लाख डॉलर येतच होता. संसदेच्याच संशोधन विभागाने सांगितलं की नियमांप्रमाणे हा आर्थिक संबंधच धरला जातो.

माळावरची_बाभळ:
मी बावीस वर्षं सरकारी हिशेब तपासनीस म्हणून काम केलंय, आता निवृत्त. तेव्हा टेंडर होतं का नव्हतं याच्यापेक्षा मला दुसरं बघावंसं वाटतं ते म्हणजे बिल कसं काढायचं ठरलं होतं. खरी ग्यानबाची मेख तिथे आहे.

ही कामं होती "खर्च अधिक टक्का" पद्धतीची. म्हणजे कंपनीने जो खर्च केला तो सगळा सरकार भरणार आणि वर त्या खर्चावर टक्केवारी. तेलाच्या कामात २ टक्के ठरलेले आणि काम चांगलं वाटलं तर आणखी ५ पर्यंत. ऐकायला टक्का लहान वाटतो ना? आता असं समजा तुम्ही घर बांधताय आणि गवंड्याला सांगितलंत की विटा-सिमेंट-वाळू तू आण, जे बिल होईल ते मी देईन आणि बिलाच्या हिशोबाने तुझी मजुरी. तो स्वस्त वाळू कशाला शोधेल? त्याने महाग वाळू आणली तर त्याचीच मजुरी वाढते.

नेमकं तेच झालं. डिसेंबर २००३ मध्ये पेंटागॉनच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी सांगितलं की कुवेतहून आणलेल्या पेट्रोलचे ६ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जास्त लावलेत. गॅलनला २.६४ डॉलर बिल लावत होते, त्याच काळात इराकची सरकारी तेल कंपनी एक डॉलरच्या आत आणत होती. कुवेतच्या कॅम्प अरिफजानला तर दिवसाला ४२ हजारांवर जेवणांचं बिल, प्रत्यक्षात वाढलेली जेवणं १४ हजार. यावर म्हणणं असं की सैनिक किती येतील ते आधी कळत नाही म्हणून तयारी ठेवावी लागते. थोडा फरक मी समजू शकते, आमच्याकडे शालेय पोषण आहारातही पटसंख्या आणि हजेरीत फरक पडायचा. तिप्पट नाही हो पडत.

आणि याहून वाईट पुढचं आहे. तेलाच्या कामात लेखापरीक्षकांनी २६ कोटी ३० लाख डॉलरवर बोट ठेवलं होतं. लष्कराने त्यातले १ कोटीच्या आसपास कापले, बाकी सगळे देऊन टाकले. मी नोकरीत असताना माझ्या आक्षेपांवर "मान्य, पण युद्धपातळीवरील काम असल्याने क्षमापित" असे शेरे येऊन फाईल बंद झालेली पाहिली आहे (आमच्याकडे युद्ध नव्हतं, दुष्काळ होता). तो शेरा वाचताना पोटात काय होतं ते मला माहीत आहे.

चाफेकळी:
बाभळताई, गवंड्याच्या उदाहरणाने एका मिनिटात कळलं. धन्यवाद.

खाडीपलीकडे:
मी इथे फक्त वाचतो, लिहित नाही कधी. पण ताईंनी लिहिलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो, चूकभूल घ्या.

आमचं गाव दापोली तालुक्यात, मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. मी २००४ ला कुवेतला गेलो, मुंबईच्या एजंटाने ७० हजार घेतले, ते आईचे दागिने आणि मामूचं कर्ज मिळून जमवले. सांगितलं होतं हॉटेलात स्टोअरकीपर. उतरलो ते थेट वाळवंटात सैन्याच्या तळाला माल पुरवणाऱ्या कोठारावर. कंपनीचं नाव लिहित नाही, आता त्याला काही अर्थ पण नाही. आमच्या कंपनीच्या वर एक कंपनी, त्याच्यावर अजून एक, सगळ्यात वर अमेरिकन लोक, त्यांना आम्ही कधी बघितलं पण नाही. ९० दिनार सांगितले होते, हातात ६० पडायचे, पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात बंद.

एकदा रात्री फ्रीजर कंटेनर बंद पडला. सकाळी सगळी कोंबडी वाया. मी घाबरलो, म्हटलं आता माझ्या पगारातून कापणार. सुपरवायझर म्हणाला कशाला घाबरतो, लिही आणि फेक, वर बिल जातं. त्या एका कंटेनरात आमच्या पन्नास जणांचा सहा महिन्यांचा पगार बसला असता. आम्हाला जेवायला काय, डाळ आणि जाडा तांदूळ, रोज. कोंबडी फेकताना आमचा एक पोरगा रडला होता, बिहारचा होता तो.

माझ्या खोलीत एक केरळचा ड्रायव्हर होता. माल घेऊन बॉर्डरपार जायचा. गाडीला पत्रा पण नाही जाड, पुढच्या मागच्या लष्करी गाडीत बंदूकवाले आणि हा मधे लुंगी-बनियनवर. तीन वेळा गेला, चौथ्यांदा नाही म्हणाला तर दोन महिन्यांचा पगार कापला. तो म्हणायचा माझ्या डोक्याचा भाव कुणाच्या बिलात लिहिला असेल काय.

चाफेकळी:
दादा, वाचून काय लिहू कळत नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत.

बोरूबहाद्दर:
खाडीपलीकडे, तुमच्याच त्या २००४ सालात ऑगस्टमध्ये १२ नेपाळी तरुणांना इराकमध्ये ठार मारलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांना अम्मानमधल्या हॉटेलात काम आहे सांगून नेलं होतं आणि तिथून अमेरिकी तळाकडे पाठवलं. काठमांडूत त्यानंतर दंगल उसळली. त्याच उन्हाळ्यात तीन भारतीय ड्रायव्हर ओलीस धरले होते, ते सुटेपर्यंत दीड महिना बातम्या चालू होत्या, मग आपल्या सरकारने इराकला कामाला जायला बंदीच घातली. गंमत बघा, अमेरिका आपल्याकडे सैन्य मागत होती आणि १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने नकार दिला, त्याआधी एप्रिलमध्ये संसदेने युद्धाची निंदा करणारा ठराव केला होता. देश म्हणून आपण गेलो नाही, पण आपली गरीब माणसं दुसऱ्यांच्या ठेक्यातून गेलीच.

गोदाकाठ:
आणि डिसेंबर २००४ मध्ये कुवेतच्याच एका तळावर अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड सैनिकांसमोर बोलायला आले होते. एका सैनिकाने उठून विचारलं की आम्हाला गाड्यांना लावायला भंगारातले पत्रे का उकरावे लागतात? उत्तर मिळालं की जे सैन्य हाताशी असतं ते घेऊनच युद्धावर जावं लागतं. म्हणजे दादा, तुमच्या मित्राच्या ट्रकला पत्रा नव्हता आणि त्यांच्या स्वतःच्या सैनिकाच्या गाडीलाही नव्हता. पैसा तर कोंबडी फेकण्याइतका होता, मग पत्र्याला का नव्हता?

अस्सल_सातारी:
अमेरिकेवर एवढं लिहिताय, आधी आपलं बघा की. १९४८ चं जीप प्रकरण विसरलात? काश्मीरची लढाई चालू, लंडनमध्ये आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन, त्यांनी नियम बाजूला ठेवून ८० लाखांचं जीपचं कंत्राट केलं, जीप पुरत्या आल्याच नाहीत. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्री. त्यानंतर संरक्षणमंत्री, आणि मग १९६२. कारगिलच्या शवपेट्यांचं पण तेच, एकेक २५०० डॉलरला.

बोरूबहाद्दर:
सातारी, जीपबद्दल पूर्ण सहमत. शवपेट्यांचं मात्र जपून. २००१ ला कॅगने ताशेरे मारले, तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसांना लोकांनी तोंडावर चोर म्हटलं, पण तो खटला पुढे कोर्टात टिकला नाही, आरोपी सुटले आणि २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. ढोंगावर बोलताना आपण तरी पुराव्याला धरून बोलू.

अस्सल_सातारी:
मान्य. शवपेट्या मागे घेतो. जीप नाही घेत.

नर्मदाकाठची_आजी:
तुम्हा मुलांचं वाचतेय दोन दिवस. १९६२ म्हटल्यावर राहवलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची, आम्ही इंदूरला राहायचो, वडील रेल्वेत. चीनने हल्ला केला आणि संरक्षण निधीला सोनं द्या म्हणून गाड्या फिरायच्या, रेडिओवर सतत आवाहन. माझ्या आजीकडे पाटल्यांचा एक जोड होता, बाकी सगळं मुलींच्या लग्नात गेलेलं. तिने कुणाला विचारलं नाही, चौकात गेली, साबण लावून पाटल्या काढल्या आणि दिल्या. एक पाटली निघेना, हात सोलवटला. पावती आणली ती देवाच्या फोटोमागे ठेवली होती, आजी गेली तेव्हाही ती तिथेच होती.

सीमेवर आपल्या जवानांकडे धड बूट नव्हते, गरम कपडे नव्हते हे आम्हाला मोठेपणी कळलं. वडील एकदाच म्हणाले, आईच्या पाटल्यांचे बूट वेळेवर पोचले असते तर बरं झालं असतं. परत कधी त्यांनी हा विषय काढला नाही.

म्हणून मला राग येतो तो चोरीचा कमी आणि मागण्याचा जास्त. आमच्याकडे देशासाठी मागायचं आणि आपल्या माणसांना देशाच्या नावावर द्यायचं, हे एकाच तोंडाने कसं जमतं?

चाफेकळी:
आजी 🙏

अस्सल_सातारी:
आजी, मेनन गेल्यावर आमचे यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आमच्याकडे आजही म्हणतात. माझे आजोबा कराडला त्यांच्या सभेला चालत गेले होते. त्यांनीसुद्धा अंगठी दिली होती निधीला. पावती मात्र आमच्याकडे राहिली नाही.

बोरूबहाद्दर:
आजी, तुमचा प्रश्न इराकच्या बाबतीत तर उलटा लागू होतो, त्यांनी तर मागितलंच नाही कुणाकडे! हेच मला सगळ्यात मोठं ढोंग वाटतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत बुश विमानतळावर उभे राहून लोकांना सांगत होते की फिरायला जा, डिस्ने वर्ल्डला जा. इराक युद्ध सुरू झालं मार्च २००३ ला आणि २८ मे २००३ ला शेअर आणि लाभांशावरचा कर कमी करणाऱ्या कायद्यावर सही. त्यांच्या पक्षाचे संसदेतले नेते टॉम डीले म्हणाले होते की युद्धाच्या तोंडावर करकपातीपेक्षा महत्त्वाचं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात याच देशात १९४४ ला सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९४ टक्के कर होता, जादा नफ्यावर वेगळा कर होता. यावेळी युद्ध उधारीवर, आणि मेलेल्या सैनिकांच्या पेट्या डोव्हरच्या तळावर उतरताना फोटो काढायला बंदी, ती २००९ पर्यंत. म्हणजे खर्चही दिसू नये आणि मरणही दिसू नये.

जे आकडे खरे बोलले त्यांचं काय झालं तेही बघा. लॉरेन्स लिंडसे राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार, म्हणाले खर्च १०० ते २०० अब्ज डॉलर होईल, तर डिसेंबर २००२ मध्ये त्यांना जावं लागलं. आणि पुनर्बांधणीला अमेरिकेचे १.७ अब्ज लागतील असं टीव्हीवर सांगणारे, अमेरिकी सरकारच्या परदेश-मदत संस्थेचे प्रमुख नात्सिओस पदावर राहिले.

रातराणी_डॉक्टर:
मी सार्वजनिक आरोग्यात आहे, सोलापूरजवळ. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय टोचलं सांगू? बगदाद पडल्यावर इराकची आरोग्यव्यवस्था उभी करायला फ्रेडरिक बर्कल नावाचे डॉक्टर नेमले होते, युद्ध आणि आपत्तीतल्या आरोग्यकामाचा आयुष्यभराचा अनुभव असलेले. आठवड्याभरात त्यांना काढलं आणि त्या जागी जेम्स हॅव्हमन, मूळचे समाजसेवा शिकलेले, मिशिगन राज्यात आरोग्य खातं सांभाळलेले, तिथल्या माजी गव्हर्नरची शिफारस. युद्धानंतरच्या देशाचा अनुभव नाही. बर्कलना सांगितलं गेलं की व्हाइट हाउसला आपला निष्ठावान माणूस हवाय. इस्पितळात जुलाबाची पोरं, औषधं नाहीत, आणि यांनी धूम्रपानविरोधी मोहीम सुद्धा सुरू केली. धूम्रपान वाईटच, पण मी तीन कॉलराच्या साथी बघितल्यात, आधी पाणी आणि सलाईन लागतं हो.

तिथल्या अमेरिकेने चालवलेल्या हंगामी सरकारात घेताना काही उमेदवारांना बुशना मत दिलं का, गर्भपाताबद्दल काय मत असं विचारलं जायचं हे पण प्रसिद्ध झालंय. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेला नोकरीसाठी अर्ज केलेली विशीतली पोरं तिथे अर्थसंकल्प सांभाळायला गेली. बगदादचा शेअर बाजार उघडायचं काम २४ वर्षांच्या मुलाकडे, ज्याला वित्तव्यवहाराचं शिक्षण नव्हतं. मला त्या पोरांचा राग नाही, ती उत्साहाने गेली असतील. पण वशिल्याने फक्त पैसा जातो असं नाही, त्या खुर्चीवर बसायला जो लायक होता तो घरी बसतो आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

टाकभात:
हे मात्र आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पण बघितलंय. डॉक्टर, तुम्ही टिकून आहात हे ऐकून बरं वाटलं.

माळावरची_बाभळ:
रोख रकमेचं कुणी लिहिलं नाही अजून. इराकच्याच तेलाचा पैसा, न्यूयॉर्कहून विमानाने नोटांचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवले, जवळपास १२०० कोटी डॉलर, वजन ३६३ टन. त्यातल्या आणि एकूण निधीतल्या ८८० कोटींवर पुरेसा हिशेबी ताबा नव्हता असं अमेरिकेच्याच इराकसाठीच्या विशेष महानिरीक्षकांनी जानेवारी २००५ मध्ये लिहिलं. त्या हंगामी सरकारचे अमेरिकी प्रमुख ब्रेमर यांनी ते मान्य केलं नाही, म्हणाले युद्धातल्या देशात पाश्चात्य पद्धतीचे हिशेब कसे मागता. मी म्हणते, पैसा ज्यांचा होता त्या इराकी माणसांनी ते म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब आपण देताना असं नाही म्हणता येत.

ह्यूस्टनवासी:
चार दिवस विचार करून लिहितोय. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं एक वाक्य मला मागे घ्यायचंय, मक्तेदारी नव्हती हे. टेक्सासमध्ये इतकी वर्षं राहून मी ही गोष्ट नीट जोडली नव्हती.

ब्राऊन अँड रूटचे ब्राऊन बंधू हे लिंडन जॉन्सन यांचे अगदी सुरुवातीपासूनचे पाठीराखे, निवडणुकीला पैसा तिथून यायचा. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना व्हिएतनाममध्ये बंदरं, धावपट्ट्या, तळ बांधायचं प्रचंड काम ज्या चार कंपन्यांच्या गटाला मिळालं त्यात ब्राऊन अँड रूट होती. म्हणजे आधी डेमोक्रॅट, मग रिपब्लिकन. आणि १९६६ मध्ये संसदेत उभं राहून एका तरुण रिपब्लिकन खासदाराने विचारलं होतं की या कंत्राटाचं नीट लेखापरीक्षण का होत नाही आणि जॉन्सन यांना देणग्या देणाऱ्यांशी याचा संबंध काय. त्या खासदाराचं नाव डोनाल्ड रम्सफेल्ड. सदतीस वर्षांनी तेच संरक्षणमंत्री आणि ठेकेदार त्याच घराण्यातला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

अस्सल_सातारी:
विरोधात असताना दिसतं ते खुर्चीत बसल्यावर दिसत नाही. ह्यूस्टनवासी, असं मोकळेपणाने मागे घेणारे कमी असतात, मनापासून आवडलं.

गोदाकाठ:
ह्यूस्टनवासी, खूप मोलाचं लिहिलंत.

आता मी ज्या बाईंसाठी खरंतर हा धागा काढायचा ठरवलं होतं त्यांच्याबद्दल लिहितो. बनॅटीन ग्रीनहाउस. लष्कराच्या इंजिनियर विभागातल्या कंत्राटांच्या सर्वोच्च अधिकारी, तिथे एवढ्या वरच्या पदावर पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. फेब्रुवारी २००३ मध्ये तेलाच्या कंत्राटाची बैठक चालली होती आणि केबीआरचे लोक त्याच खोलीत बसलेले. बाईंनी त्यांना बाहेर काढायला लावलं. पाच वर्षांचं कंत्राट त्यांच्यासमोर सहीला आलं. युद्ध तोंडावर, सही अडवली तर देशद्रोही ठरणार. त्यांनी सही केली, पण सहीशेजारी हाताने लिहिलं की बिनस्पर्धेचं हे काम एक वर्षाच्या पुढे नेलं तर स्पर्धा लावायचा इरादाच नाही असा समज होईल. शाईने, मूळ कागदावर, म्हणजे पुढे कुणाला पुसता येणार नाही.

जून २००५ मध्ये त्यांनी संसद सदस्यांपुढे साक्ष दिली आणि ऑगस्टमध्ये त्यांची पदावनती झाली. २०११ मध्ये सरकारने ९ लाख ७० हजार डॉलर देऊन खटला मिटवला. त्यांचं ते पद गेलं ते गेलं. चेनींच्या अंत्यविधीच्या बातम्या सगळीकडे होत्या, या बाईंचं नाव मी एकाही मराठी बातमीत वाचलं नाही म्हणून इथे लिहिलं.

माळावरची_बाभळ:
सहीशेजारचा शेरा. गोदाकाठ, तुम्हाला कल्पना नाही हे वाचून मला काय झालं. मी माझ्या बाविसातल्या दोन फाईलींवर असा शेरा लिहायला हवा होता, लिहिला नाही. आज लिहून ठेवते इथे.

बोरूबहाद्दर:
गोदाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, उत्तर त्या बाईंनीच दिलंय असं वाटतं. घाईत टेंडर न काढता काम द्या, पण घाई संपेपर्यंतच. वर्षभरात स्पर्धा लावा. ट्रूमन आठवा, १९४१ मध्ये नुसते सिनेटर होते, स्वतः गाडी घेऊन लष्करी छावण्यांची बांधकामं बघत फिरले आणि मग चौकशी समिती उभी केली, ती पूर्ण महायुद्ध चालली, आपल्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना. युद्ध आहे, गप्प बसा म्हणून ती कुणी बंद पाडली नाही. इराक आणि अफगाणिस्तानसाठी तसा आयोग नेमला तो २००८ मध्ये, त्याचा शेवटचा अहवाल आला ऑगस्ट २०११ ला, त्यात ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टी आणि लबाडीत गेले असा अंदाज. तोवर घोडं गंगेत न्हालं होतं.

अस्सल_सातारी:
आपल्याकडे तर साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलंय. दाणावैरण आत्ताच बेहिशेबी उडवाल तर पावसाळ्यात उपाशी मराल, घोडी मरतील, मग कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, आणि लोक म्हणतील मोगल बरे. रात्री दिव्याची वात उंदीर पळवेल आणि गंजी पेटेल, इथपर्यंत लिहिलंय त्यात. लढाई चालू असताना राजा स्वतः वैरणीचा हिशेब बघत होता. मूळ पत्र शोधून वाचा सगळ्यांनी.

खाडीपलीकडे:
चिपळूण म्हणजे आमच्या बाजूलाच. ते पत्र शाळेत होतं आम्हाला, मास्तर मोठ्याने वाचायचे.

कुणीतरी वरती विचारलं नाही पण सांगतो, माझा पासपोर्ट चौदा महिन्यांनी मिळाला. केरळवाला अजून फोन करतो ईदला. त्याच्या मुलाला आता नोकरीची ऑफर आलीय, तिकडचीच, कॅम्पात स्टोअरकीपर म्हणून. मला विचारत होता पाठवू का. मी त्याला बाभळताईंचा प्रतिसाद हिंदीत सांगितला फोनवर, अर्धा तास. बोलला आधी कागद मागवून घेतो, सगळ्यात वरची कंपनी कोणती ते लिहून द्या म्हणतो, मग बघू.